करंजसड्याची दवंडी

चहाला आधण ठेवलं होतं तेवढ्यात मालनचा फोन वाजला, आणि ती गॅस तसाच सोडून बाहेर आली.

फोनवर जगदीश होता. जगदीश म्हणजे करंजसडे ग्रामपंचायतीचा शिपाई. पूर्वी हा गडी गावभर हिंडून दवंडी द्यायचा. आता पंचायतीनं त्याच्या हातात मोबाईल दिलाय आणि दवंडी रेकॉर्ड होऊन गावाच्या ग्रुपवर येते. आवाज मात्र तसूभरही खाली आलेला नाही. शेजारची लतिका म्हणायची, या माणसाला मोबाईल कशाला हवा, नुसता ओरडला तरी इथे मुंबईत, नायगावात ऐकू येईल.

आजची दवंडी मोठी होती. ग्रामस्थांना कळविण्यात येत होतं की नळाला पाणी एक दिवसाआड येईल. काजूच्या बागांभोवतीचं गवत कापून घ्यावं, वणवा लागल्यावर पंचायतीच्या नावानं बोंब मारू नये. गुरांचे डॉक्टर गुरुवारी येतील. शिमग्याची पालखी यंदा वरच्या वाडीतून निघेल, तरी मुंबईकरांनी आपापली बंद घरं उघडायला वेळेवर यावं.

मालननं ती दोनदा ऐकली. मग कमळाबाईची गाय गाभण आहे, तिचं डॉक्टरांना आधी सांगा, असा निरोप उलट पाठवला. त्या गाईची खुद्द कमळाबाईला नसेल एवढी काळजी हिला.

गावावर तिचा जीव होता, त्यात खोटं काही नाही. मागच्या उन्हाळ्यात पाण्याच्या पंपाचा आतला पंखा तुटला आणि गावाचे घसे कोरडे पडले. तेव्हा मालन रे रोडच्या जुन्या यंत्रांच्या दुकानांत भर दुपारी वणवण फिरली, हवा तोच पंखा शोधून काढला आणि कोकणात जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती सोपवला. नळाला पाणी आलं त्या दिवशी जगदीशनं दवंडीत तिचं नाव घेतलं. ती दवंडी तिनं अजून जपून ठेवलीय आणि दारात येईल त्याला ऐकवते, अगदी गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा.

फक्त गावाला जायचं म्हटलं की तिचा गुडघा पुढे यायचा. शिमग्याला अर्धी चाळ कोकणात जायची आणि सगळ्यांच्या कुंड्यांना पाणी घालायला किल्ल्या मालनकडे. कधी गुडघा, कधी वैभवची परीक्षा. चाळ पाडायला घेतली तेव्हा सामानाची बांधाबांध. यंदा मात्र कारणं संपली होती. नव्या इमारतीत घर लागलं होतं, मुलगा वैभव नोकरीला लागला होता आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं सगळ्या ग्रुपला ठाऊक होतं. तिनंच कळवलं होतं.

"आई, आता सांगून टाक ना एकदाचं," वैभव म्हणाला. "अजून किती वर्षं टोपी लावणार तू त्यांना?"

तिलाही सांगायचं होतंच. पण सांगितलं आणि गावानं पाठ फिरवली तर? नवरा गेल्यापासून तिची सकाळ त्या दवंडीनं उजाडत होती. फोन वाजायचा थांबला तर दिवस कसा सुरू करायचा? गाव तुटू नये, एवढंच तिला हवं होतं.

रविवारी जगदीश स्वतःच दारात उभा. प्रभादेवीला कुणाचं तरी लग्न होतं, तिथून पत्ता विचारत आला होता. एवढासा किरकोळ माणूस, तो एवढा आवाज ठेवतो कुठे असा वैभवला प्रश्न पडला. त्यानं ओले काजूगर आणले होते, कोकमाचं आगळ आणलं होतं. कमळाबाईची गाय सुखरूप व्याली, कालवड झाली, हेही त्यानं उंबऱ्यातच सांगून टाकलं. मालननं त्याला बसवलं, घावणे घातले, गावातल्या एकेकाची नावानिशी चौकशी केली. जगदीश चाटच पडला.

चहा पुढे आला तेव्हा त्यानं मुद्द्याला हात घातला. गावात तंटा लागला होता. इतके दिवस वरच्या वाडीला वाटायचं मालनताई खालच्या वाडीतल्या, आणि खालचीला वाटायचं वरच्या. पंप सुरू झाल्यापासून दोन्ही वाड्या म्हणत होत्या, ती आमचीच.

"मी आपला मधल्यामधी मरतोय," जगदीश म्हणाला. "तुमचा घर कंचा तेवढा सांगा. मी सोता झाडून-लोटून ठेवतो. पालखी तुमच्या दारात थांबल्याबिगर पुढं जायची नाय."

मालननं वैभवकडे पाहिलं. वैभव खिडकीबाहेर बघायला लागला.

मग तिनं डोळ्यांना पदर लावला आणि हलक्या आवाजात जगदीशला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "आता काढून टाका मला ग्रुपमधून. मी रागावणार नाही."

जगदीशनं चहा तसाच ठेवला. उठून उभा राहिला, घसा खाकरला, खिशातून मोबाईल काढला आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी दवंडी तिथूनच दिली.

"ग्रामस्थांना कळविण्यात येते, की नायगावच्या मालनताई वरच्या वाडीच्या नाहीत आणि खालच्याही नाहीत. त्यांचा जन्म नायगावचा. आपलं गाव त्यांनी अजून डोळ्यांनी बघितलेलं नाही. आपल्या मालन पाष्टेचा नंबर ग्रुपात घालताना माझ्या हातून एक आकडा चुकला आणि तो मालनताईंना लागला. मेसेज येत नाहीत म्हणून मालन पाष्टे इतकी वर्षं बोंब मारते, ती खरी होती, तिची माफी मागतो. मालनताई यंदा शिमग्याला येत आहेत. त्यांना कुणाच्या घरी उतरवायचं हे ठरवण्यासाठी मंगळवारी सकाळी ग्रामसभा भरेल. ज्यांना भांडायचं असेल, त्यांनी वेळेवर हजर राहावं."