एकटी फांदी

झाड तिसऱ्यांदाही तसंच आलं.

रत्नमालानं लॅपटॉप मागे ढकलला आणि डोळे चोळले. पडद्यावर बारीक रेघांच्या फांद्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाला एका सूक्ष्म जीवाचं नाव. मेडशीच्या तळ्यातल्या जीवाची फांदी या झाडात नेहमी सगळ्यांपासून लांब, एकटीच निघायची. एका पेशीचा तो जीव, अंगाभोवती केसांची झालर असलेला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. त्याचं कुणाशीच जवळचं नातं लागत नव्हतं, म्हणून तो नवा होता. आज ती फांदी एकटी नव्हती. आधीच नाव मिळालेल्या एका जीवाला ती चिकटून बसली होती.

असं झाड काढायचं तर जीवाचं एक जनुक वाचायचं आणि जगभर वाचलेल्या इतर जीवांच्या त्याच जनुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहायचं. फरक जितका कमी, तितकं नातं जवळचं. पण ज्यांचं जनुक कुणी वाचलेलंच नाही, ते झाडात येत नाहीत. गेल्या आठवड्यात परदेशातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेनं अशा एका जुन्या कुळाची जनुकं वाचून सगळ्यांसाठी खुली केली. रत्नमालानं ती झाडात घातली. इतकी वर्षं नातेवाईक हजर नव्हते, एवढंच.

तिनं तिच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“नियतकालिकानं तुझा लेख स्वीकारला तेव्हा ही माहिती नव्हती ना?” सर म्हणाले. “मग शेवटच्या प्रतीत जुनंच झाड राहू दे. पुढं कुणी विचारलं तर बघू.”

“पण मला दिसलंय, सर.”

“कायम नोकरीची मुलाखत याच महिन्यात आहे, रत्नमाला. तासिका तत्त्वावर अजून किती वर्षं शिकवणार आहेस?”

“विचार कर,” म्हणून सरांनी फोन ठेवला.

तळ्याच्या पाण्यातून एकेक जीव नळीनं उचलून वेगळा करताना तिची मान आखडायची. ती आता कायमचीच आखडली होती. कॉलेजला जाताना एसटीत उभ्याउभ्या ती एका हातानं मान दाबत राहायची. आताही तिचा हात तिकडंच गेला. मग तिनं लॅपटॉप पुढं ओढला आणि नियतकालिकाच्या संपादकांना चार ओळी लिहिल्या: हा जीव नवा नाही, लेख मागे घेत आहे. पुन्हा वाचल्या. पाठवून दिल्या.

मन हलकं वगैरे काही झालं नाही. नुसती झोप आली.

अंगणात तूर पसरून तिचे वडील, पुंजाजी, आत आले. पंच्यानं तोंड पुसत त्यांनी विचारलं, “झालं काय तुह्यं झाड?”

“झालं, बाबा. थो जीव नवा नाई.”

“म्हंजे?”

“आधीच सापडेल हाय थो. नाव बी हाय त्याले. आपल्या गावाचं नाव नाई लागनार आता.”

पुंजाजी खाटेवर बसले. मेडशीचं नाव जगाच्या पुस्तकात जाणार, हे त्यांनी एसटीच्या थांब्यावर सांगितलं होतं. शेलूबाजारच्या आडत्याला सांगितलं होतं. विहारात तर इतक्यांदा सांगितलं होतं, की येत्या पौर्णिमेला तिचा सत्कारच ठरला होता.

“कोनाच्या ध्यानात आलं हे?”

“माह्याच.”

“आनखी कोनाले मालूम हाय?”

“सरांले. थे म्हने, जुनंच पाठव.”

“मंग?”

“नाई पाठवलं. लेख मांगं घेतला.”

“काहून?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

रत्नमालानं सांगायला तोंड उघडलं. जनुकं, अक्षरं, फांद्या, सगळं जिभेवर आलं आणि तिथंच थकून बसलं.

“थो नवा नाई, बाबा,” ती पुन्हा म्हणाली.

पुंजाजी पडद्याकडे बघत राहिले. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. “अन् नोकरी?” त्यांनी हळूच विचारलं.

“पाहू.”

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. विहार समितीतला प्रसेनजित होता.

“पुंजाजी काका, पौर्णिमेच्या मांडवाचं सांगून येऊ काय?”

रत्नमालाला वाटलं, आपणच उठावं, आपणच सांगावं. पण अंग उठेना. पुंजाजी गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले आणि बाहेर गेले.

“राहू दे मांडव. थो जीव नवा नाई निंगाला.”

“अरे! कोन म्हन्ते असं?”

“पोरगीच म्हन्ते. तिनंच शोधून काढलं.”

प्रसेनजित गोंधळला. टोमणा मारायचा नव्हता त्याला, पण तोंडून निघून गेलंच. “मंग इतके वर्स केलं काय तिनं, काका?”

आत रत्नमालानं टेबलावर डोकं टेकवलं होतं. तिला सगळं ऐकू येत होतं.

“हेच,” पुंजाजी म्हणाले.