उभ्या गाडीचा दोष

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी जपानमधल्या मात्सुए शहरात, सिग्नलला उभ्या असलेल्या तोकुजिरोंच्या गाडीवर मागून एक व्हॅन आदळली. कुणाला खरचटलंही नाही, पण घरी लेकीने, चिहारूने, जुना विषय काढलाच.

"बाबा, अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली. आता लायसन्स परत करून टाका."

"आदळला तो, आणि लायसन्स परत करू मी? वा गं वा! विमावाल्यांनी माझी एक टक्का जरी चूक काढली, तर उद्याच परत करतो. नाही काढली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"ठरलं."

व्हॅनवाल्याच्या विमा कंपनीने डॅशकॅमचा, म्हणजे गाडीतल्या पुढचं-मागचं टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा, व्हिडिओ मागितला. तोकुजिरोंनी ऐटीत कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून लेकीच्या हातावर ठेवलं. पाठवण्याआधी चिहारूने तो एकदा पाहिला.

सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, पुन्हा लाल. मागे रांग लागली होती, तरी कुणी हॉर्न वाजवला नाही. वडीलधाऱ्या माणसाला हॉर्न कोण मारणार? तिसऱ्यांदा हिरवा झाला, तेव्हा आजोबा आता तरी निघतील असं धरून व्हॅनवाला निघाला. तोवर गाडीत एकच आवाज होता, तोकुजिरोंच्या घोरण्याचा.

चिहारूने व्हिडिओ जसाच्या तसा पाठवून दिला.



शुक्रवारी कंपनीचं पत्र आलं, "गाडी उभी होती, सबब आपली चूक शून्य टक्के". ते अजून चिहारूच्या पर्समध्येच आहे.