एकही खोका नको

“अहो, मला या घरात एकही खोका नको!”

मंदाकिनी मागच्या खोलीच्या दारात स्टुलावर बसून गरजली. खोलीत लाकडी खोके एकावर एक छतापर्यंत रचलेले होते. मोजून चौदा. त्यांच्यापुढे तिचे यजमान दिनकरराव हात पसरून उभे होते, जणू कोणी खोक्यांना अटक करायला आलं होतं.

“मग बदली झाल्यावर सामान काय ओच्यात घालून नेणार आहेस?”

बदली! दिनकरराव केंद्र सरकारच्या नोकरीत. जबलपूर झालं, नागपूर झालं, आणि सदुसष्ट साली ‘फक्त तीन वर्षांसाठी’ म्हणून ते कलकत्त्याला आले. बालीगंजच्या या फ्लॅटमध्ये त्याला आता आठ वर्षं होऊन गेली होती. बदलीचा पत्ता नव्हता, पण दिनकररावांची तयारी जय्यत. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. कुंडीत झाड लावायचं नाही. बंगाली तर शिकायचीच नाही, पुढच्या गावी तिचा उपयोग काय? शेजाऱ्यांशी ते हिंदीत बोलत आणि वेळ मारून नेत.

ही खोली मात्र ते दर दिवाळीला मन लावून लावत. खोक्यांवर नवे नंबर घालत, आतल्या वस्तूंची नवी यादी करत. जबलपूरच्या बंगल्याचे पडदे, इथल्या एकाही खिडकीला न बसणारे. बरणी कधीच फुटलेली, तिचं झाकण. नागपूरचा वाळ्याचा पडदा. पुढच्या घरी लागेल, असं प्रत्येकाबद्दल त्यांचं ठाम मत होतं.

“आठ वर्षं तुम्ही हे नुसतं लावताय,” मंदाकिनी म्हणाली. “आधी काढा, मग लावा. मला ही खोली रिकामी हवी आहे.”

“कशाला? आपण दोघंच तर आहोत.”

अकरा वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने पुष्कळदा ऐकलं होतं, तरी ते लागायचं ते लागायचंच. एरवी एकटीने कपाट सरकवणारी ही बाई आज सकाळपासून एकाही खोक्याला हात लावत नव्हती. दिनकररावांच्या ते लक्षात आलं होतं. रुसली असेल, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

“ते काही नाही,” ती पुन्हा ओरडली. “खोका नको म्हणजे नको!”

धाडकन बाहेरचं दार उघडलं. शेजारच्या मासीमा आत आल्या त्या वाटलेल्या मोहरीने भरलेल्या हातांनीच.

“छि छि, मंदा! खोका चाई ना? ओमोन कथा बोलते नेई!”

असं बोलू नये, एवढं दिनकररावांना कळलं. आपल्या बाजूने कोणीतरी आलं म्हणून त्यांना हुरूप चढला. “देखिए ना, मासीमा! मैं भी वही बोलता हूँ. खोका चाहिए!” आणि त्यांनी सातव्या नंबरच्या खोक्यावर मायेने थाप मारली.

मासीमांनी खोक्याकडे पाहिलं. दिनकररावांकडे पाहिलं. मग त्या खो खो हसत सुटल्या.

“ए खोका ना,” त्या म्हणाल्या, आणि मोहरीचं बोट मंदाकिनीच्या पोटाकडे वळलं. “ओई खोका! खोका आसबे!”

काल डॉक्टरीणबाईंकडे मंदाकिनीबरोबर मासीमाच तर गेल्या होत्या.

“खोली रिकामी झाली की सांगणार होते,” मंदाकिनी लाजून म्हणाली. “इथे लहान मुलाला खोका म्हणतात हो, आणि आसबे म्हणजे येणार. आठ वर्षांत एवढंही शिकला नाहीत!”

दिनकरराव मटकन कडेला सुट्या ठेवलेल्या एका खोक्यावर बसले. लगेच उठले. पुन्हा बसले. त्यांना इतका आनंद झाला होता की बसावं की उभं राहावं तेच कळेना.

दुपारी गल्लीतून जुनं सामान घेणारा बिक्रीवाला ओरडत चालला होता. दिनकररावांनी त्याला गॅलरीतून हाक मारली. चौदाही खोके त्यांनी स्वतः जिन्यावरून उतरवले, झाकणासकट, पडद्यांसकट. हातगाडीवरचा ढीग बघून बिक्रीवाल्याने जाणत्यासारखी मान हलवली.

“बदली होये गेलो, बाबू?”

“ना,” दिनकरराव म्हणाले, आणि कलकत्त्यात आल्यापासूनचं आपलं पहिलं बंगाली वाक्य त्यांनी सावकाश, जपून उच्चारलं.

“खोका आसबे.”