टायरचा कौल

उजवी पाकळी एकदाची पडली. रामचंद्रांनी हात जोडले आणि सुनेकडे वळून म्हणाले, "बघलंस गो? देव सांगता, टायर दसऱ्यापर्यंत चलतत. आता तरी गप रव."

संजनाने तोंड उघडलं असतं तर देवळात शोभेल असं काही बाहेर पडलं नसतं. तिला सातवा लागला होता. उद्या सकाळी चोर्ल्याचा घाट चढून बेळगावला माहेरी जायचं होतं, बाळंतपणाला. गाडी सासऱ्यांची, चालवणार तिचा नवरा साईश, आणि गाडीचे चारही टायर तळहातासारखे गुळगुळीत.

आठवड्यापूर्वी डिचोलीच्या गॅरेजात पंक्चर काढताना केरबाने पुढच्या टायरवरून बोट फिरवलं होतं आणि झटकन मागे घेतलं होतं. बोटातून रक्त आलं होतं. "वैनी, आतली तार बाहेर आलीया," तो म्हणाला होता. "पावसात ब्रेक मारला तर गाडी थांबायची न्हाई, घसरत जाईल. घाटात तर अजिबात नेऊ नका." संजनाने टायरचा फोटो काढून घरी हळर्णला आणला. सासऱ्यांनी फोनकडे न बघताच सांगितलं, "देवाक विचारूया."

रामचंद्र सगळंच देवाला विचारत. हातात पैसा नव्हता म्हणावं तर तसंही नाही. याच वैशाखात गाडीला नवी सीट कव्हरं आली, गाणी ऐकायला मोठे स्पीकर आले. तेव्हा देवाला कुणी त्रास दिला नव्हता. जिथे खर्च जिवावर येई, किंवा उद्या कुणी बोट दाखवील अशी धास्ती असे, तिथेच त्यांना देऊळ आठवे. मग श्रीनाथ भटजी प्रसाद लावत, म्हणजे मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवत आणि गाऱ्हाणं घालत. उजवी पाकळी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. संजनाही या घरात अशाच पाकळीने आली होती. सोयरीक जुळली त्या दिवशी तिने बेळगावात बसून या न पाहिलेल्या देवाला मनापासून हात जोडले होते. त्यामुळेच आज तिला जास्त किळस येत होती. देवाची नाही, त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसांची.

कारण आज पहिल्यांदा डावी पाकळी पडली होती. रामचंद्र म्हणाले, पाकळी सुकलेली होती. दुसऱ्यांदाही डावीच पडली. तेव्हा ते म्हणाले, गाऱ्हाण्यात गाडीचा नंबर सांगायचा राहिला, देवाला कळणार कसं? तिसऱ्या वेळी भटजींनी उजवी पाकळी इतकी अलगद टेकवली की हात मागे घेण्याआधीच ती घसरली. साईश खांबाला टेकून हे सगळं बघत होता. चौतीस वर्षांचा बाप्या, होऊ घातलेला बाप, आणि नजर आपली जमिनीवर. या लोकांनी संजनाच्या पोटातल्या जिवावर पाकळ्या लावल्या होत्या, आणि हवी ती पडेपर्यंत लावल्या होत्या. थूः, असं तिच्या मनात आलं आणि तिने ते गिळलं.

मंडळी बाहेर आली. पाऊस थांबला होता, फरशी निसरडी होती. गाडी अंगणात उभी होती. मनासारखा कौल मिळाल्यामुळे रामचंद्रांना औदार्य सुचलं. "भटजी, तुमकां पण उद्या बेळगावाक जावचा आसा मगे? पुतण्याची मुंज ना? मगे आमच्या गाडयेतच बसा. जागा आसा."

"व्हय, व्हय," म्हणत भटजी गाडीपाशी आले. दार उघडून जागा किती आहे ते बघायला वाकले आणि त्यांची नजर पुढच्या चाकावर गेली. रबर फाटून तारेची टोकं बाहेर आली होती. भटजी तसेच वाकून राहिले. मग त्यांनी दार हळूच लावलं.

"नको," ते म्हणाले. "माका गाडी लागता. मी आपलो बसने जातंय."

"मागच्या महिन्यात म्हापशाक गेलात आमच्याबरोबर. तेव्हा खंय लागली?" रामचंद्र हसत म्हणाले.

भटजी हसले नाहीत. उपरण्याला हात पुसू लागले. संजनाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा चाकाकडे. मग चपला काढून ती पुन्हा देवळाच्या पायरीवर चढली.

"चला की भटजी, परत आत चला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आणखी एक प्रसाद लावा. उद्या तुम्ही आमच्या गाडीत बसावं का नको, एवढंच विचारायचंय. उजवी पडली तर तुम्ही पुढच्या सीटवर बसा, मी मागं बसते. सगळे मिळून जाऊया."

साईशने पहिल्यांदाच मान वर केली. भटजी पायरीखालीच उभे होते. वर यायला त्यांचा पाय उचलत नव्हता.

"गो बाये," ते अखेर खालच्या आवाजात म्हणाले, "असल्यो गोष्टी देवाक विचारूच्यो नसतत."