दुसरा साक्षीदार

मस्कतला तीस वर्षं नर्स असलेली कार्मेन मृत्युपत्र करायला चार दिवसांसाठी मरोळच्या गावठाणातल्या आपल्या घरी आली. वकील म्हणाले, "एक साक्षीदार माझा कारकून. दुसरा तुम्ही आणा, पण ज्याला काही मिळणार आहे असा नको."

इथे ओळखीची माणसं उरली होती मोजकी, आणि सगळ्यांच्या नावे तिने काही ना काही ठेवलं होतं. राहिला होता फक्त भाऊ डॅरिल. बारा वर्षांचा अबोला मोडून तिने त्याला फोन केला. तो अर्ध्या तासात आला, दाखवलं तिथे सही करून मोकळा झाला.

"वाचलं पण नाहीस?"

"तू बोलावलंस ना."

तो गेल्यावर कार्मेन वकिलांना म्हणाली, "घर त्याच्या नावे करायचंय."

"करू. फक्त साक्षीला दुसरं कोणीतरी आणा."

कार्मेन बराच वेळ फोनमधली नावं वर-खाली करत राहिली.