स्टुडबेकर बंद पडली, त्याची गोष्ट

"दोघे भाऊ, जातीचे लोहार!" नंदू रंगात येऊन सांगत होता. "अठराशे बावन्न साली भट्टी पेटवली. पुढे पाची भाऊ धंद्यात शिरले आणि घोडागाड्यांचा जगातला सगळ्यात मोठा कारखाना उभा राहिला. कुठे? अमेरिकेत, साऊथ बेंडला!"

"अगबाई," सुचित्रा म्हणाली.

समोर एक जुनी हिरवी स्टुडबेकर मोटार उभी होती. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून वर्ष होतं, पण आखातातल्या द पर्ल या उंची वस्तीतल्या एका रेस्टॉरंटने पाहुण्यांसाठी ती आतापासूनच दाराशी आणून ठेवली होती.

नंदूला आज बोलायचं होतं वेगळंच. स्टेडियमचं काम संपलं तशी महिन्यापूर्वी त्याची नोकरीही संपली होती. हे बायकोला कसं सांगायचं, ते त्याला काही केल्या सुचेना. मग पठ्ठ्या रोज पहाटे हेल्मेट, बूट आणि डबा घेऊन 'साइटवर' निघायचा आणि इथे येऊन बसायचा. मोबाईलवर नोकऱ्या शोधायचा. त्याचा वीट आला की स्टुडबेकरचा इतिहास वाचायचा. इतिहास तोंडपाठ झाला, नोकरी काही मिळाली नाही. आज शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सांगूनच टाकायचं, असं ठरवून त्याने सुचित्राला इथे आणलं होतं, आणि अर्धा तास भलतंच सांगत बसला होता.

तेवढ्यात रेस्टॉरंटचा दरवान इलियास हसत पुढे आला. "सलाम साब! आज भाभीजी को भी लाए? अच्छा किया. रोज अकेले बैठते हो."

"साइट... इथून जवळ पडते ना," नंदू पुटपुटला. साइट तिथून चांगली पाऊण तासावर होती.

"हो का?" सुचित्रा म्हणाली. "बरं, मग पुढे काय झालं त्या भावांचं?"

सुटलो बुवा! नंदू नव्या दमाने सुरू झाला. "एकोणीसशे दोन साली त्यांनी पहिली मोटार काढली, तीही विजेवर चालणारी! विजेवर, सुचित्रा! मग पेट्रोलची. पण पुढे मोठ्या कंपन्यांनी किमती पाडल्या, यांना काही झेपेना. शेवटी त्रेसष्ट साली, ऐन ख्रिसमसच्या तोंडावर, साऊथ बेंडच्या कारखान्याला टाळं लागलं." इथे त्याचा आवाज चिरकला. "हजारो माणसं घरी बसली गं."

"मग त्यांनी घरी जाऊन बायकांना काय सांगितलं?"

नंदू मोबाईल चाळू लागला. "ते... कुठे लिहिलेलं नाही."

"सांगितलंच नसेल, तर लिहिणार कोण?" सुचित्राने त्याचा हात हातात घेतला. "नंदू, आपलं घर कंपनीचं आहे. ते रिकामं करायचं पत्र काय तुझ्या साइटवर येणार होतं? वसाहतीच्या मॅनेजरने तीन आठवड्यांपूर्वीच माझ्या हातात ठेवलं."

एवढा मोठा प्लॅनिंग इंजिनिअर, स्टेडियमच्या खुर्चीखुर्चीचा आराखडा करणारा. पण आपण राहतो ते घर कंपनीचं आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला भयंकर लाज वाटली आणि भयंकर हलकंही वाटलं. डोळे पाणावले.

"तुला काळजी नको, म्हणून..." तो कसाबसा म्हणाला.

"काळजी करायला सवड कुणाला होती? आपल्या पुण्यातल्या फ्लॅटचा भाडेकरू उठवला, पोरीच्या शाळेचं ठरवलं, घरातलं सामान विकायला काढलं."

"सामान? कुठलं सामान?"

सुचित्राने कपाळाला हात लावला.

"अरे, आठ दिवस झाले, आपण खाली मांडी घालून जेवतोय. डायनिंग टेबल कुठे गेलं, एवढं तरी विचारायचंस!"