माहेरची हाक

रंग ओला असताना त्यात अडकलेला आवाज वाचणारा किरण मृदुलानं चित्रावर फिरवला आणि दीडशे वर्षांपूर्वीचा गिरगावचा बाजार पुन्हा गलका करू लागला. उद्या प्रदर्शन होतं. चित्राखालच्या पाटीवर शेटजींचं नाव होतं, त्यांच्या घोड्याचंही होतं. बांगड्या विकणारी मात्र नुसतीच 'एक बाई' होती. शेजारी बसलेला तिचा नवरा "अगं ए"च्या पुढे जाईना.

"तो कसला बायकोचं नाव घेतोय, मॅडम," मदतनीस साळगावकर म्हणाले. "सोडा आता."

"नवऱ्यावर कोण विसंबलंय? माहेरचं माणूस येऊ दे."

किरण शेवटच्या कोपऱ्यातल्या छत्रीवाल्यापाशी पोहोचला. "ताने, आईनं लाडू धाडलेत गं."

मृदुलानं तिथल्या तिथे नवी पाटी केली. तानीबाईंचं नाव घोड्याच्याच नव्हे, शेटजींच्याही वर घातलं.